पुदिना आणि बडीशेप यांचा विनंती अर्ज

श्रीरंगराव वायचळ यांनी घरी बनवलेल्या व्हेपच्या रसातला पुदिना पहिल्या झुरक्याला हजर असे आणि दुसऱ्या झुरक्याला बाहेरगावी गेलेला असे.

श्रीरंगरावांना याचं नवल वाटलं नाही, राग आला. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात त्यांनी बत्तीस वर्षं शिक्षकांच्या बदल्यांचं टेबल सांभाळलं होतं. न सांगता मुख्यालय सोडणारे त्यांनी पोत्याने पाहिले होते. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, तेव्हा जावई विसरून गेलेली वाफेची नळी त्यांनी कपाटातून काढली आणि रस घरीच करू लागले. हा उद्योग मागच्या व्हरांड्यात, दार लावून चाले. बायकोला सांगितलं होतं की प्राणायाम करतो. शालनताईंना सगळं ठाऊक होतं, पण नवऱ्याची अब्रू झाकायची त्यांना जुनी सवय होती.

कृती वहीत शाईने लिहिलेल्या होत्या. निळ्या बुचाच्या बाटलीत पुदिना, लाल बुचाच्या बाटलीत बडीशेप. पहिल्याच पानावर नियम होता, एका बाटलीत एकच वास. तरी निळ्या बाटलीतला रस भरला की दुसऱ्या झुरक्याला बडीशेप लागे आणि लाल बाटलीतला भरला की पुदिना. श्रीरंगरावांनी आठवडाभर दोघांची हजेरी ठेवली. तेव्हा उलगडलं ते असं, की पुदिना बडीशेपेला भेटायला निघे, नेमकी त्याच वेळी बडीशेपही त्याला भेटायला निघे. वाटेत चुकामूक होई. दोघंही एकमेकांच्या रिकाम्या बाटलीत थोडा वेळ बसत आणि परत येत.

श्रीरंगरावांनी दोन्ही बाटल्यांवर कारणे दाखवा नोटीस डकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी झाली. ती तोंडातच झाली.

"साहेब, आम्ही पती-पत्नी आहोत," पुदिना म्हणाला. "एकत्रीकरणाखाली दोघांना एका बाटलीत नेमणूक मिळावी, इतकीच विनंती."

"नियमात बसत नाही," असं श्रीरंगरावांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण जिभेवर पुदिना होता. वाफ सोडेपर्यंत बोलता येईना. अर्जदाराचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकून घ्यायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

"अर्ज ठेवा," वाफ सोडून ते म्हणाले. "विचाराधीन राहील." हे वाक्य ते झोपेतही बोलत, असं शालनताई सांगतात.

दुसऱ्या झुरक्याला बडीशेप आली. "ठेवला असता, साहेब. पण आमच्या आधीचा एक अर्ज तुमच्याकडे पडून आहे. खंदारेबाई, प्राथमिक शिक्षिका. त्यांचा निकाल लागल्याशिवाय आमचा घेऊ नका. उद्या लोक म्हणतील, वशिल्याने झालं."

"माझ्या टेबलावर काहीही प्रलंबित नाही."

"टेबलावर नाही. टेबलाच्या डाव्या पायाखाली आहे."

श्रीरंगरावांनी नळी खाली ठेवली. कानांच्या पाळ्या तापल्या. व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं.

आता हे सांगायलाच हवं. ज्या टेबलावर ते रस करत, ते त्यांचं कचेरीतलंच टेबल. जुनं सामान मोडीत निघालं तेव्हा त्यांनी ते हौसेने घरी आणलं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी हे टेबल डुगडुगायचं आणि सही वाकडी यायची. एके दिवशी वैतागून त्यांनी हाताला लागला तो कागद आठ घड्या घालून पायाखाली सरकवला. हाताला लागला, हे ते स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्यांनी तो वाचला होता. बाई एका तालुक्याच्या टोकाला, नवरा दुसऱ्या तालुक्याच्या टोकाला, मधे एकशे चाळीस किलोमीटर. एकत्र नेमणूक मिळावी ही विनंती. कागद जाड होता. टेबल थांबलं.

पुढे दर मे महिन्यात खंदारेबाई येत, पदराने कपाळ पुसत उभ्या राहत. श्रीरंगराव त्याच टेबलावर दोन्ही कोपरं टेकून म्हणत, "विचाराधीन आहे." सातव्या वर्षी बाई यायच्या थांबल्या. त्या मे महिन्यात त्यांना हायसं वाटलं होतं, आणि आज सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या हायसं वाटण्याची.

"मी निवृत्त झालो," त्यांनी नळीला सांगितलं. "मला आता अधिकार नाही."

"पायाखाली घालताना होता ना," जिभेवर उरलेली बडीशेप म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं.

श्रीरंगराव गुडघ्यांवर बसले आणि टेबल उचलून घडी काढली. ती पायाला चिकटून टेबलाबरोबर घरापर्यंत आली होती आणि विटेसारखी घट्ट झाली होती, मधोमध पायाचा चौकोनी ठसा. त्यांनी कोरा कागद घेतला आणि आदेश लिहिला: विनंती मान्य. उभयतांना, जिथे असतील तिथे, एकत्र नेमणूक. डुगडुगत्या टेबलावर सही वाकडी आली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

खंदारे गुरुजी आणि बाई दोघंही निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं घर. श्रीरंगरावांनी दुपारी कडी वाजवली, तेव्हा दार गुरुजींनी उघडलं. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट होती, खाटेजवळ एकट्यापुरता स्टोव्ह, एक पातेलं, एक कप. आतल्या खोलीत बाईंची खाट, बाईंची शेगडी, बाईंचा कप. एकोणीस वर्षं दोघांनी दोन गावांत चहा केला होता आणि एका घरात आल्यावरही ती मांडणी कोणी मोडली नव्हती.

"वायचळ साहेब ना?" बाई आतून आल्या. "बसा. तब्येत बरी आहे?"

श्रीरंगराव बसले नाहीत. त्यांनी अर्ज आणि त्याखाली आदेश पुढे केला. बाईंनी चष्मा लावून घड्या उलगडल्या. स्वतःचं अक्षर पाहून त्या क्षणभर थांबल्या. मग मधल्या ठशावर त्यांचं बोट गेलं.

"हा कुठं होता, साहेब?"

वाटेत एसटीत बसून श्रीरंगरावांनी उत्तर तयार ठेवलं होतं: गहाळ झाला होता, शिपायाच्या चुकीने. शिपाई वारला होता, तो काही नाकारायला येणार नव्हता. तोंड उघडलं, आणि तोंडात ना पुदिना होता ना बडीशेप, नुसतं कोरडं तोंड.

"टेबलाच्या पायाखाली," ते म्हणाले. "मीच घातला. टेबल हलत होतं."

मग गुरुजींनी, गणिताच्या तासाला विचारावं तसं विचारलं, "मग थांबलं का हलायचं?"

"थांबलं."

"किती दिवस?"

"आज सकाळपर्यंत."

"म्हणजे कामाला आला म्हणायचा," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी अर्ज पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला आणि आदेश वाचला. मग पोच म्हणून सही केली, तारीख घातली आणि कागद गुरुजींकडे दिला.

"रुजू व्हायला मुदत किती?" गुरुजींनी विचारलं.

"नियमाप्रमाणे सात दिवस."

"सात कशाला लागतात?" गुरुजी उठले. स्टोव्ह बंदच होता. त्यांनी तो खाटेखाली सरकवला, कप उचलला आणि बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेले. चार पावलांची बदली. आत जाऊन ते कप हातात धरून उभे राहिले, कुठे ठेवायचा ते माहीत नसल्यासारखे. बाईंनी शेगडीवर आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातातच राहिला.

"तुम्हाला साखर किती लागते?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

श्रीरंगरावांनी दारातली चप्पल पायात घातली. चहाला थांबा, असं बाई म्हणाल्या, पण त्यांना तिथे उभं राहवेना. धाप लागेपर्यंत ते स्टँडकडे चालत सुटले. कोणी ओळखीचा भेटू नये एवढंच मनात होतं.

घरी येऊन ते थेट व्हरांड्यात गेले. आधीचा अर्ज निकाली निघाल्याची नोंद त्यांनी वहीत केली आणि पुढचा घेतला. पुदिना आणि बडीशेप, विनंती मान्य. पहिल्या पानावरच्या नियमावर काट मारली. लाल बाटली निळ्या बाटलीत ओतायला घेतली, तसं टेबल डुगडुगलं आणि दोन थेंब सांडायच्या बेतात आले. पायाखाली घालायला व्हरांड्यात रद्दी होती, पुठ्ठा होता, विटेचा तुकडाही होता. श्रीरंगरावांनी चप्पल काढली आणि टेबलाच्या डाव्या पायाखाली स्वतःचा पाय सरकवला. टेबल थांबलं. थेंब न सांडता दोघं एका बाटलीत गेली.

संध्याकाळी शालनताईंनी दार ढकललं. नळी पेटीत घालून ठेवलेली होती. नवरा टेबलाशी बसला होता, समोर निळी बाटली.

"आज प्राणायाम नाही?"

"नाही. तिथं आता कुटुंब राहतं."

शालनताईंनी मान डोलावली. मग त्यांना टेबलाखालचा पाय दिसला. अंगठा काळानिळा पडला होता.

"दुखत नाही का हो?"

"दुखतं."

"मग काढा की."

श्रीरंगरावांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

"विचाराधीन आहे," ते म्हणाले.