बावीस-दोनशेपन्नास

लाइल टोलेफसनने ठरवून टाकलं होतं, की या खेपेला बंदूक येईल ती आपल्याच पसंतीची येईल, आणि ज्याला ते बघवत नसेल त्याने डोळे मिटून घ्यावेत.

कारण गोफरांनी आता कहर केला होता. मुठीएवढा जीव, दिसायला खारीसारखा. पण खार बिचारी झाडावर राहते, आणि हे मेले जमिनीत घरं करतात. लाइलच्या कुरणाची त्यांनी पार चाळण करून टाकली होती. मागच्या उन्हाळ्यात आर्डिसची लाडकी घोडी बिस्किट अशाच एका बिळात पाय घालून बसली आणि हिवाळा संपेपर्यंत लंगडत होती. आता गवत वर आलं होतं, पण घोडी अजून गोठ्यातच होती.

"हे बघ लाइल," आर्डिसने न्याहारीच्या टेबलावर निकाल दिला, "वासरांना मालकीचा डाग द्यायच्या दिवसापर्यंत कुरण साफ झालं तर ठीक. नाहीतर मी बिस्किटला ड्वेनकडे नेऊन ठेवणार."

ड्वेन म्हणजे तिचा भाऊ. शेजारचीच रँच त्याची. त्याच्या कुरणात औषधालाही गोफर नव्हता आणि हे तो दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर न विचारता सांगत असे. बिस्किट एकदा त्याच्या कुंपणात गेली, की 'दाजींना साधे गोफर आवरेनात' हे नाताळपर्यंत ऐकावं लागणार. लाइलला त्यापेक्षा स्वतःचा पाय बिळात घातलेला परवडला असता.

म्हणून तो नवी बंदूक घ्यायला निघाला, आणि तिथेच घोळाला सुरुवात झाली. मॉन्टानाच्या त्या टीचभर गावात दुसऱ्याच्या दुखण्यावर औषध सांगायला माणसं एक वेळ कचरतील, पण दुसऱ्याच्या बंदुकीवर मत द्यायला कुणी मागे सरत नाही. आणि बंदूक तिथे गोळीच्या मापाच्या आकड्यानेच ओळखतात. ड्वेन म्हणाला, "दाजी, दोनशेत्रेचाळीस घ्या. उद्या कोल्हा आला तर?" दुकानदार गॉर्डी म्हणाला, "सतरा घे. वारा नसला तर अगदी सुईसारखी जाते."

"वारा नसला तर?" लाइल कडाडला. "इथे? माझी टोपी पोस्टमन शेजारच्या गावातून आणून देतो!"

पाद्रीसाहेबांनीसुद्धा कॉफीचा कप हातात धरून सांगितलं, की साधी बावीसच बरी, जुनं ते सोनं. तीन आठवडे हेच चाललं. लाइलने तोंड उघडलं रे उघडलं, की समोरचा विचारायचा, "नक्की?" त्या 'नक्की'ने त्याचं डोकं असं काही फिरायचं, की शेवटी त्याने कुणीच न सुचवलेलं माप निवडलं: बावीस-दोनशेपन्नास. नावात बावीस असलं तरी साध्या बावीसपेक्षा कितीतरी दांडगं; एका गोफरासाठी जरा अतीच होतं ते. पण सगळ्यांच्या नाकावर टिच्चून त्याने जुनी बावीसची बंदूक गॉर्डीला मोडीत दिली आणि नवी खांद्याला लावून घरी आला. त्या मापाची काडतुसं मात्र दुकानात आलेली नव्हती. सोमवारी फोन करून बघ, असं गॉर्डीने सांगितलं होतं.

सोमवारी फोन उचलला तो गॉर्डीच्या बायकोने, मार्लिसने. गॉर्डी दाढ काढायला गेला होता.

"काडतुसं पाठवून दे," लाइल म्हणाला. "बावीस-दोनशेपन्नास."

"बावीस... दोनशेपन्नास? डबे ना?"

"मग काय ओंजळीत घालून देणार आहेस?"

"नाही, तसं नाही. पण लाइल, जरा जास्त नाही का होत?"

झालं! आता हीसुद्धा? बाईने जन्मात कधी बंदुकीला हात लावला नव्हता, आणि ती जास्त-कमी सांगायला निघाली! लाइलचं पित्त खवळलं.

"जास्त? होतंय ना जास्त? मला जास्तच हवंय!"

"नक्की?"

"नक्की! नक्की! आणि तुझं मत मी विचारलेलं नाही!" असं म्हणून त्याने फोन आपटला. कितीतरी दिवसांनी त्याला कॉफी गोड लागली.

दुसऱ्या दिवशी गॉर्डीची गाडी अंगणात आली तेव्हा नेमका ड्वेन कुंपणाला टेकून उभा होता, वासरं कधी डागायची ते विचारायला. गॉर्डीचा गाल सुजला होता. एकेक खोकं उतरवताना तो गुडघ्यात वाकत होता.

"घे बाबा," तो म्हणाला. "मांडणी पार रिकामी झाली. कुणाबरोबर लढाई काढलीस?"

लाइलने वरचं खोकं उघडलं. आत लहान लहान डबे, ओळीने लावलेले. प्रत्येकावर लिहिलेलं: बावीस. नुसतं बावीस! बावीसचे दोनशेपन्नास डबे! नव्या बंदुकीला यातलं एकही चालणार नव्हतं, आणि ज्या बंदुकीला चाललं असतं ती त्याने आपल्या हाताने मोडीत घातली होती. परत देण्याचं तर नावच नको. 'विकलेली काडतुसं परत घेतली जाणार नाहीत' ही पाटी गॉर्डीच्या दुकानात दारापेक्षा मोठी होती.

"काय झालं दाजी?" ड्वेनने मान लांब केली. "भलतंच आलं की काय?"

त्या क्षणी लाइलला खरं बोलता आलं असतं. पण ड्वेनच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू टपून बसलेलं त्याला दिसलं.

"भलतं कशाला?" तो ताठ मानेने म्हणाला. "मागवलं तेच आलंय."

"एवढी बावीस? कशाला?"

"ते मी सांगणार नाही."

झालं ते या एका वाक्याने. ड्वेन हसायचा थांबला. विचारात पडला. गाडीत बसून निघाला तो थेट गॉर्डीच्या दुकानावर, आणि तिथे बावीसची मांडणी स्वतःच्या डोळ्यांनी रिकामी पाहून आला. मग त्याने दोघांना सांगितलं, त्या दोघांनी आणखी चौघांना. काडतुसं मिळेनाशी होणार, या बातमीइतकं त्या गावात आगीच्या बातमीलाही कुणी धावत नाही. लाइलला वरून काहीतरी कळलंय. लाइल बोलत नाहीये. तो बोलत नाहीये, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे! संध्याकाळपर्यंत जवळपासच्या सगळ्या दुकानांत बावीस संपली. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी दुसरी मापं उचलली, आणि ज्यांना तीही मिळाली नाहीत त्यांनी उगीच बॅटऱ्या आणि मीठ घेतलं.

डागण्याच्या आदल्या सकाळी लाइलच्या फाटकाबाहेर रांग लागली. सगळ्यात पुढे ड्वेन.

"दाजी, आपण घरचे. खरं सांगा, काय ऐकलंत?"

"काही ऐकलेलं नाही."

"कळलं, कळलं. उघड्यावर नको." ड्वेनने आवाज बारीक केला. "निदान थोडे डबे तरी द्या. नातवाची बावीस आहे हो, पोर रिकामी बंदूक घेऊन बसलंय."

मागून पाद्रीसाहेब म्हणाले, "लाइल, मीही आपलं सहज आलो होतो."

लाइल पायरीवर उभा राहून सगळ्यांकडे बघत होता. हीच ती माणसं. तीन आठवडे यांनी त्याला सतरा सांगितलं, दोनशेत्रेचाळीस सांगितलं, त्याला बोलू म्हणून दिलं नाही. आणि आता टोप्या हातात घेऊन उभी! त्याला असा चेव चढला, की काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळेना.

"एक काडतूस या फाटकाबाहेर जाणार नाही!" तो ओरडला. "मीठ घेतलंत तसं चाटत बसा! उडवायचंच असेल तर इथे उडवा, माझ्या कुरणात, माझ्या डोळ्यांदेखत!"

त्याला वाटलं, आता सगळे चिडून निघून जातील. पण रांग आणखी एक पाऊल पुढे सरकली.

"म्हणजे," पाद्रीसाहेबांनी सावकाश विचारलं, "फुकट?"

तासाभरात निम्मं गाव बंदुका घेऊन परत आलं. टेकडीकडे तोंड करून सगळे कुंपणालगत ओळीने पालथे पडले. आर्डिसने लगोलग बटाटे उकडून लेफ्सा नावाच्या पातळ पोळ्या लाटायला घेतल्या, आणि तव्यावरून उतरली की लोणी-साखर लावून एकेक बाहेर जाऊ लागली. फुकटची काडतुसं आणि गरम लेफ्सा! मग काय, माणसं जेवायलासुद्धा घरी गेली नाहीत. ड्वेन नातवाची बंदूक काखोटीला मारून दिवसभर पोटावर सरकत होता. "अगं आर्डिस, ही बावीस काय झकास चालते गं!" असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दुपार कलल्यावर कुरणात शिट्टी मारायला गोफर उरला नाही. मग माणसांनी फावडी घेऊन बिळं बुजवली, तीही न सांगता, कारण इतकं खाल्ल्यावर लगेच निघणं बरं दिसत नव्हतं. लाइल मात्र कंबरेवर हात ठेवून नुसता फिरत होता. त्याने एकही गोळी झाडली नाही. का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सगळे गेल्यावर आर्डिसने बिस्किटला कुरणात सोडलं. घोडी आधी बिचकत चालली, मग दुडकली, आणि बघता बघता टेकडीपर्यंत उधळत गेली. आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून लाइलला कसंसंच झालं. गावाशी खोटं बोलणं वेगळं, पण हिच्यासमोर शहाणपणा मिरवणं त्याला जड जाऊ लागलं.

"आर्डिस, ती बावीसची काडतुसं..." त्याने घसा खाकरला. "ती मी मागवलीच नव्हती."

"ठाऊक आहे."

"काय?"

"तू फोन आपटलास, त्यानंतर मार्लिसने मला गोठ्यातल्या फोनवर गाठलं. म्हणाली, हा दोनशेपन्नास डब्यांचं काय करणार आहे? मी म्हटलं, त्याला कुणी मत दिलेलं आवडत नाही. पाठव मुकाट्याने."

"आणि मला नाही सांगितलंस!"

"सांगितलं असतं तर नुसती चूक सुधारली असतीस. आणि ती तोफ घेऊन एकटा गोफरांमागे धावत बसला असतास. बिस्किट कुठे असती आज?"

लाइलने घोडीकडे पाहिलं. ती टेकडीखाली मजेत लोळत होती.

"ड्वेनकडे," तो म्हणाला. मग त्याने टोपी काढली, मोठा श्वास घेतला, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच 'माझं चुकलं' असं म्हणायला तोंड उघडलं.

"राहू दे," आर्डिस म्हणाली. "सवय नसताना एवढी मोठी गोळी झाडू नये. खांदा निखळतो."