खिडकीतलं लाल मशीन

मी कात्री आणायला निघालो होतो, हे आधी स्पष्ट करतो. गवत कापायची, लाकडी मुठींची साधी कात्री. घरी तुम्हाला काहीही सांगतील, पण माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर आमच्या हिच्या अक्षरात 'कात्री' एवढंच लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. (रेकॉर्ड विभागात सव्वीस वर्षं काढलेला माणूस कागद टाकत नाही.)

आमच्या ओळीत आठ घरं आहेत आणि आठही घरांच्या मागे मिळून एक मैदान आहे. ते सगळ्यांचं असल्यामुळे त्याच्याकडे कोणीच बघत नाही. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. वाळत घातलेला टॉवेल उडून तिकडे पडला, की त्याची आशा सोडायची. ही म्हणाली, "निदान आपल्या दारापुरतं तरी कापा." मी म्हणालो, "कापतो." झालं, इथूनच सगळं सुरू झालं.

दुकानाच्या वाटेवर आमचं ऑफिस लागतं आणि ऑफिसच्या मागे क्रीडा क्लबचं मैदान. त्या दिवशी क्लबच्या फाटकाशी ते उभं होतं. लाल रंगाचं, चार चाकांचं, मधे सीट, पुढे स्टिअरिंग, पोटाखाली गवत कापणारी तीन पाती. बसून चालवायचं मोठं मशीन, मोठ्या मैदानांसाठी असतं तसलं. सीटवर पुठ्ठा ठेवला होता: 'विकणे आहे'. क्लबने नवं आणलं होतं. मी तिथे उभा राहिलो आणि माझा पाय काही पुढे निघेना.

तुम्ही म्हणाल, यात पाय अडकण्यासारखं काय आहे? म्हणून थोडं मागे जातो. रेकॉर्ड विभाग तिसऱ्या मजल्यावर. छतापर्यंत रॅक, रॅकमध्ये फायली आणि या सगळ्यात एकच खिडकी. ती त्या मैदानावर उघडते. रोज अकराच्या सुमाराला खाली ते लाल मशीन निघायचं. त्यावर एक धिप्पाड माळी, डोक्यावर रुंद काठाची टोपी. आम्ही त्यांना टोपीवालेच म्हणायचो. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पट्टा कापत जायचे आणि टोकाला पोचले की एका हाताने स्टिअरिंग फिरवून असे काही वळायचे, की पहिल्या पट्ट्याला लागून दुसरा पट्टा सुरू. घाई नाही, गडबड नाही, कोणी कोपऱ्यात लाल शाईने 'अर्जंट' लिहिलेलं नाही. कापलेल्या गवताचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा आणि मी हातातली फाइल विसरून बघत राहायचो.

सव्वीस वर्षं मला मनापासून एकच गोष्ट हवी होती. त्या सीटवर बसावं, टोपी घालावी आणि मैदानाची एक पूर्ण फेरी मारावी. साहेब व्हावं असं मला कधी वाटलं नाही. (साहेबांनाही तसं कधी वाटलं नाही, हा भाग वेगळा.) तीन जिने उतरून टोपीवाल्यांना नुसतं विचारलं असतं, तरी त्यांनी बसवलं असतं. पण चांगल्या चाळिशीच्या माणसाने जाऊन काय म्हणायचं? मला एक चक्कर द्या? ते काही जमलं नाही. मग टोपीवाले निवृत्त झाले आणि विचारायचंही राहून गेलं.

आणि त्याच खिडकीत माझं लग्न जमलं. ही तेव्हा खालच्या मजल्यावर टायपिंगला होती. नोकरीला लागून आठवडाही झाला नसेल, एका फायलीचं निमित्त काढून ती अकराला आमच्या खोलीत आली. दुसऱ्या दिवशी अकराला परत. तिसऱ्या दिवशी तर फायलीचंही निमित्त नव्हतं. मी खिडकीत, ती दोन पावलं मागे, काही न बोलता उभी. आता एखादी मुलगी रोज ठरल्या वेळेला येऊन आपल्या मागे उभी राहते, याचा अर्थ कळायला फार डोकं लागत नाही. मी इस्त्रीचे शर्ट घालू लागलो. खिडकीत जरा तिरका, नाक बरं दिसेल असा उभा राहू लागलो. सहा महिन्यांत लग्न झालं. ही हकीकत मी आजवर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली आहे. मी सांगायला लागलो, की ही लाजून चहाच्या निमित्ताने आत निघून जाते.

(पुढे तिची बदली दुसऱ्या इमारतीत झाली. तिथल्या खिडकीतून फक्त समोरची भिंत दिसते, असं ती अधूनमधून म्हणत असते. बायकांना भिंतींबद्दल काय एवढं वाटतं, कोण जाणे.)

तर थोडक्यात, कात्री राहिली. क्लबच्या टेम्पोतून मशीन घरी आलं, तेव्हा ही दारात उभी होती.

"कात्री कुठाय?"

"ही काय. जरा मोठी मिळाली."

ती पायऱ्या उतरून खाली आली. मशीनभोवती एक चक्कर मारली. सीटच्या फाटक्या कव्हरवर हात ठेवला.

"हे टोपीवाल्यांचं?"

"हो."

"नक्की तेच?"

"मागच्या चाकावरचा पोचा बघ. फाटकाला धडकलं होतं तेव्हाचा आहे."

तिने पोचा बघितला, बराच वेळ बघितला आणि एक शब्द न बोलता आत गेली. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला अशा शांततेची भीती वाटते. त्या दिवशी मी आपण होऊन भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून मागे गेलो. टोपी नवी घेतली होती, रुंद काठाची. बाकीच्या सातही घरांच्या मागच्या दारांत माणसं जमली होती. मी किल्ली फिरवली. मशीन एका झटक्यात सुरू झालं, माझे दात एकमेकांवर वाजू लागले आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी ब्रेक सोडला. मशीन बंद.

परत किल्ली फिरवली, परत सुरू. ब्रेक सोडला, परत बंद. असं नऊ वेळा झालं. शेजारचे निवृत्त चित्रकला शिक्षक कुंपणावरून म्हणाले, "पेट्रोल घातलंय ना?" या जगात काहीही बंद पडलं, तरी हा प्रश्न विचारणारा माणूस शेजारी असतोच.

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. गॅरेजवाल्यांना सगळे मामा म्हणतात. मामा अंगाने चांगले दणकट. ते आले, हात पुसले, सीटवर बसले, ब्रेक सोडला आणि मशीन घेऊन सरळ गॅरेजकडे निघाले. मी मागून चालत.

"चालतंय की," मामा म्हणाले.

"माझ्याकडून चालत नाही."

"हात हलका ठेवा जरा."

त्यांनी प्लग बदलला आणि मी ऑफिसात असताना मशीन घरी आणून ठेवलं. संध्याकाळी मी बसलो, ब्रेक सोडला, बंद. मग बॅटरी बदलली. मग पेट्रोलची नळी साफ केली. मग इंजिनचा पट्टा बदलला. प्रत्येक वेळी मामा येणार, एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने मशीन घेऊन जाणार आणि तसंच आणून सोडणार. ते मामांचंच आहे असं गल्लीतल्या लोकांना वाटू लागलं. मला मात्र वाटायचं, मशीनने मला बरोबर ओळखलंय. हा माणूस फायलींचा आहे, याला घेऊन कुठे जायचं नाही.

खोटं कशाला बोलू, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी त्याच्यावर नुसताच बसत असे. समोर एवढं मोठं मैदान. मी स्टिअरिंग धरायचो, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. तोंडाने हलकासा आवाजही काढायचो. (शेजारचे गुरुजी घरात गेल्यावरच.) एवढं जवळ आलेलं असून हाताला लागत नाही म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. खिडकीतून बघण्यात निदान तीन मजल्यांची सबब होती.

ही चहा तिथेच आणून द्यायची आणि मशीनवर हात ठेवून गवताकडे बघत उभी राहायची.

"नक्की होतं काय?"

"सुरू होतं. ब्रेक सोडला की जातं."

"तेव्हा तुम्ही सीटवरून उठता का?"

"मी कशाला उठू?"

एका संध्याकाळी तिने कप परत घेतला आणि म्हणाली, "रविवारपर्यंत चाललं नाही तर मी भंगारवाल्याला बोलावते. हे असं दारात मरून पडलेलं मला बघवत नाही." तिचा आवाज जरा कापत होता. मी समजलो, राग आहे.

रविवार उजाडला. भंगारवाला बाराला यायचा होता. मामाही आले होते, त्यांना आता आमच्याकडच्या चहाची सवय झाली होती. मी टोपी घातली, मनातल्या मनात मशीनची माफी मागितली आणि किल्ली फिरवली. ब्रेक सोडला. बंद. मी खाली उतरलो, टोपी काढली आणि सीटवर ठेवून दिली.

"मी बसून बघू का जरा?" ही मागून म्हणाली.

"बघ. आता काय फरक पडतो."

तिने टोपी उचलून डोक्यावर घातली आणि वर चढली. किल्ली फिरवली. ब्रेक सोडला. मशीन निघालं.

मी मागे धावलो. "ब्रेक उजव्या पायाला आहे," असं ओरडलो, पण तिला ब्रेक नकोच होता. ती सरळ गेली, गवत दोन्ही बाजूंनी आडवं पडत गेलं, टोकाला पोचल्यावर तिने एक हात मांडीवर ठेवला, एका हाताने स्टिअरिंग फिरवलं आणि पहिल्या पट्ट्याला लागून दुसरा पट्टा सुरू केला. हुबेहूब टोपीवाले. माझ्या समोरून गेली तेव्हा मी तिचा चेहरा बघितला. आमच्या लग्नाच्या फोटोतही तो असा नाही.

मामा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होते. "वजन किती तुमचं?"

"का?"

"सीटखाली एक स्विच असतो. सीटवर माणूस नाही असं वाटलं, की मशीन आपोआप बंद पडतं. अपघात नको म्हणून. टोपीवाले हे एवढे, तुम्हीच सांगितलंत. त्यांनी सीटची स्प्रिंग आपल्या हिशोबाने घट्ट करून घेतली असणार. तुम्ही बसलात, हे तिला कळतच नाही."

म्हणजे तीन आठवडे मी ज्या सीटवर बसत होतो, ती मशीनच्या मते रिकामी होती. (ऑफिसचंही माझ्याबद्दल बहुधा हेच मत असावं.)

"आणि ही बसली ते बरं कळलं?"

"वहिनींचं कळण्याइतकं आहे," मामा जपून म्हणाले. हे वाक्य मी तिच्यापर्यंत पोचू दिलेलं नाही. "एक स्क्रू सैल करायचाय. दोन मिनिटांचं काम."

चौथ्या पट्ट्यानंतर ती आमच्यापाशी येऊन थांबली. मशीन बंद केलं. कापलेल्या गवताचा वास आला, तोच, पण या वेळी अगदी पायाशी.

"असं वळायला कुठे शिकलीस?"

"खिडकीतून."

"कुठल्या?"

"तुमच्या. रोज अकराला कशाला यायचे मग मी?"

मी आजूबाजूला बघितलं. मामा होते. कुंपणापलीकडे गुरुजी होते आणि त्यांनी माझी हकीकत निदान चार वेळा ऐकलेली आहे.

"माझ्यासाठी," मी हळूच म्हणालो.

ती हसली, पण डोळे ओले होते. "आमच्या टायपिंगच्या खोलीला खिडकीच नव्हती. पहिल्या दिवशी फाइल न्यायला आले आणि खाली हे दिसलं. एकदा तरी त्याच्यावर बसायला मिळावं असं इतकं वाटायचं, की रात्रंदिवस तेच डोक्यात. आणि तुम्ही नेमके खिडकीत मधोमध. मी नवीन, सरका म्हणायला संकोच वाटायचा."

"मग सहा महिने?"

"सहा महिने तुमच्या खांद्यावरून बघितलं. त्यात ओळख झाली. तुम्ही चांगले वाटलात, ते काही खोटं नाही."

"पंचवीस वर्षांत बोलली नाहीस."

"पाहुण्यांसमोर तुम्ही इतकं रंगवून सांगायचात. मला हसू आवरायचं नाही, म्हणून मी आत जायचे."

मी म्हणालो, "मलाही तेच हवं होतं. तेव्हापासून." ती म्हणाली, "ठाऊक आहे. शर्टाची बटणं दाबून धरून बघायचात." एका खिडकीत दोघं उभे राहिलो, दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि दोघांनी पंचवीस वर्षं एकमेकांना सांगितलं नाही. मला जरा बसावंसं वाटलं, पण सीटवर ती होती.

मामांनी स्क्रूड्रायव्हर काढला. मी बघितलं, तिचा हात अजून स्टिअरिंगवरच होता. "आज राहू द्या मामा," मी म्हणालो, "पुढच्या रविवारी बघू." भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

तो पुढचा रविवार अजून यायचा आहे. मला फारच वाटलं तर मांडीवर विटांची पिशवी घेऊन बसतो. एक पूर्ण फेरी मी मारली. पट्टा वाकडा आला म्हणून तिने लगेच वरून दुसरा मारला. पण फेरी झाली, ती माझ्या नावावर आहे.

एरवी रविवारी अकराला ती निघते आणि मी चहाचा कप घेऊन कडेच्या गवतात उभा राहतो. समोरून येताना ती लांबूनच टोपीखालून माझ्याकडे बघते आणि हात हलवते. पहिल्या रविवारी मीही हात हलवला. दुसऱ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, जरा तिरका उभा राहिलो आणि आणखी जोरात हलवला. तिसऱ्या रविवारी तिने माझ्यापाशी येऊन मशीन बंद केलं.

"अहो," ती म्हणाली, "आता काही संकोच राहिलेला नाही. सरका."