कावळा, कासव आणि कौटुंबिक आरोग्य सप्ताह

एका जंगलात एक समाजमंदिर होते. त्या समाजमंदिरात एक माईक होता. आणि त्या माईकला एक कावळा चिकटलेला होता.

बाळांनो, तो कावळा म्हणजे मीच. गोष्ट सांगणाराच गोष्टीत कसा, असे विचारू नका. जिथे माईक तिथे मी. ज्यांनी बोलावले त्यांच्याकडे मी वेळेवर जातो, आणि ज्यांनी बोलावले नाही त्यांच्याकडे जरा आधीच जातो.

आता नीट बसा. मांडी घाला. पाठ ताठ ठेवा. पाठ ताठ ठेवल्याने काय काय होते यावर माझे एक स्वतंत्र भाषण आहे. बरे, घाबरू नका, ते आज नाही.

तर त्या जंगलातली कुटुंबे चांगली धडधाकट होती. पोरे दिवसभर तळ्याच्या बांधावर हुंदडत. बायका पाण्यावर जाता-येता गप्पा मारत. म्हातारी मंडळी उन्हाला पाठ देऊन बसत. कोणी कोणाला "प्रकृती कशी आहे?" असे विचारत नसे. प्रकृती म्हणून काही असते हेच कोणाला ठाऊक नव्हते.

एवढे अज्ञान आमच्या समितीला बघवेना.

समितीचे अध्यक्ष होते गवेसाहेब. रानगवा. ते खुर्चीत बसले की खुर्ची दिसत नसे, त्यामुळे ती त्यांच्याकडून कोणाला मागताही येत नसे. एक दिवस त्यांनी टेबलावर खूर आपटला.

"कावळेराव, समाजासाठी काहीतरी करायला पाहिजे."

"करू या की साहेब. सूत्रसंचालन मी करतो."

"अहो, पण कशाचं?"

"ते नंतर ठरवू."

असा आमचा कौटुंबिक आरोग्य सप्ताह ठरला.

सुरुवातीला बगळ्याने योगासने शिकवली. त्याला एकच आसन येत होते, एका पायावर उभे राहण्याचे. मग सुदृढ बालक स्पर्धा झाली. हत्तीणबाईचे पिल्लू पहिले आले आणि सशीण रुसली. मग 'झोपेचे महत्त्व' या विषयावर माझे व्याख्यान झाले. ते इतके रंगले की श्रोत्यांनी जागच्या जागी प्रात्यक्षिक करून दाखवले.

प्रत्येक कार्यक्रमानंतर अल्पोपहार असे. गरम भजी आणि जिलेबी. तेल सोडा, साखर सोडा, असे दुपारभर ऐकल्यावर भूक लागतेच.

सप्ताह सात दिवसांचा असतो हे मलाही माहीत आहे. पण सात दिवस संपले तेव्हा बरेच सत्कार उरले होते. म्हणून सप्ताह पुढे चालू ठेवला. त्यातच थंडी गेली आणि उन्हाळा लागला.

मग सतरंजीवर रिकाम्या जागा दिसू लागल्या. गवेसाहेबांनी लगेच नियम केला. प्रत्येक कुटुंबाची जागा ठरवून दिली. ज्यांची जागा रिकामी दिसेल, त्यांच्या घरी कावळेराव स्वतः जाऊन आरोग्याचे महत्त्व समजावून सांगतील.

दुसऱ्या दिवशी सतरंजी भरली. माझ्या नावाचा असा दबदबा आहे.

आता फक्त एक आरोग्यदूत हवा होता. बॅनरवर एखादा निरोगी चेहरा लागतोच. मी माझा चेहरा सुचवून पाहिला. गवेसाहेबांना ठसका लागला.

शेवटी मला कासवतात्या आठवले. तात्या तळ्यात राहत. जंगलात त्यांच्याइतके वय कोणाचेच नव्हते. गवेसाहेबांच्या पणजोबांना त्यांनी दूध पिताना पाहिले होते. मी उडत उडत तळ्यावर गेलो. तात्या आणि कासवकाकी काठावरच्या चिखलात पडले होते.

"तात्या, तुमच्या दीर्घायुष्याचं रहस्य काय?"

तात्यांनी बराच विचार केला. मध्ये एक डुलकीही काढली.

"रहस्य कसलं रे? भूक लागली की खातो. झोप आली की झोपतो. संध्याकाळी ही आणि मी पाण्यावर तरंगतो."

"तरंगताना काय करता?"

"तरंगतो."

"अहो तात्या, एवढ्यावर भाषण कसं होणार?"

"मग नको करूस," काकी म्हणाल्या.

काकी जरा फटकळ होत्या. मी हसून सोडून दिले. मोठ्या कार्याला घरच्यांचा विरोध असतोच. तात्या स्वभावाने भिडस्त. एका कार्यक्रमापुरते ते हो म्हणाले, आणि पुढचे सगळे कार्यक्रम मी त्यातच बसवले.

रोज दुपारी हत्तीणबाई तळ्यावर जाई. तात्यांना सोंडेने उचलून आणी आणि स्टेजवरच्या मोठ्या खुर्चीत ठेवी. सुगरणींनी विणलेली शाल त्यांच्या अंगावर येई. मग हार. मग मी. मग गवेसाहेब. मग पुन्हा मी.

तात्या तळ्यावर परत जात तेव्हा संध्याकाळ उलटून गेलेली असे. काकी एकट्याच काठावर बसून असत. बाकी काही नाही, पण दोघांचे तरंगणे राहून जाई.

शिवाय जिलेबी होतीच. सत्कारमूर्तीने जिलेबी नाकारली तर गवेसाहेबांना वाईट वाटे. तात्या एक खात. मी म्हणे, "तात्या, माझ्यासाठी आणखी एक." ते तीही खात.

उन्हाळा तापला तसे तात्या खंगले. पाठ कोरडी पडून भेगाळली. रोज पोटात जळजळू लागले. मान बाहेर काढायलाही त्यांना कष्ट होऊ लागले. काकींनी डॉक्टर घुबडांना बोलावले. घुबडांनी तात्यांना खालून-वरून तपासले.

"औषध काही नाही," ते म्हणाले. "आधी जसे राहत होता तसे राहा. पाण्यात पडा आणि गप्प राहा. कार्यक्रम चालू राहिले, तर यंदाचा पाऊस काही तुम्ही बघत नाही."

काकी रडल्या. त्यांचे रडणे एरवी कोणाला दिसले नसते, सगळे पाण्यातच होऊन जायचे. त्या दिवशी त्या काठावर होत्या.

ही बातमी समितीत आली तेव्हा गवेसाहेब खरोखर हादरले.

"कावळेराव, आरोग्यदूतच आजारी पडला तर बॅनरचं काय करायचं?"

माझे डोके अशा वेळी फार वेगाने चालते. मी म्हणालो, "साहेब, तात्यांना विश्रांतीची गरज आहे. आपण 'विश्रांतीचे महत्त्व' असा कार्यक्रम घेऊ. प्रमुख पाहुणे, तात्या."

गवेसाहेबांनी मला शाबासकी दिली. मला ती अजून आठवते, कारण खांदा अजून दुखतो.

यापुढचे मला तेव्हा माहीत नव्हते. पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला माझ्यावर मनसोक्त हसता येईल.

हत्तीणबाई नेहमीप्रमाणे तळ्यावर गेली. काकी तिच्या वाटेतच उभ्या होत्या. शेजारी एक दगड होता. तळ्यातलाच, गोल, शेवाळलेला, तात्यांएवढा.

"आज याला ने," काकी म्हणाल्या.

"अहो काकी, दगड आहे हा!"

"मग?"

"कोणाला कळलं तर?"

"कोणाला कळणार आहे, बाई? तिथे यांच्याकडे बघतंय कोण?"

हत्तीणबाईने थोडा विचार केला. तिचे पिल्लू सुदृढ बालक झाल्यापासून बांधावर खेळले नव्हते, त्याचे रोज फोटो काढायचे असत. तिने दगड उचलला.

त्या दिवशी दगड खुर्चीत बसला. शाल पांघरली. मी त्याला हार घातला. आता तुम्ही म्हणाल, हार घालतानाही कळले नाही? बाळांनो, हार घालताना पाहुण्यांकडे कोण बघतो? फोटो काढणाऱ्या माकडाकडे बघायचे असते.

"आज तात्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान आहे!" मी माईकवर म्हणालो. "आता मी त्यांना विनंती करतो, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

दगड बोलला नाही.

"पाहिलंत?" मी म्हणालो. "तात्या काही बोलले नाहीत, आणि तरीही ते किती बोलून गेले!" मग तात्या काय बोलून गेले, ते मी सविस्तर सांगितले.

तात्यांची प्रकृती रोज सुधारू लागली. ते ताठ बसत. चुळबुळ करत नसत. जिलेबीला स्पर्श करत नसत. गवेसाहेब मला कौतुकाने म्हणाले, "बघा, पथ्य असं पाळावं. आपल्या कार्यक्रमांचा गुण आला."

गुण नुसता तात्यांनाच आला नव्हता. श्रोतेही सुधारले होते. पूर्वी सतरंजीवर पोरे रडत, कोणी खोकत, कोणी मधेच उठून जात. आता सगळीकडे शांतता असे. मला श्रोते दिसत नसत, कारण उन्हाची झळ नको म्हणून दारे-खिडक्या लावलेल्या असत आणि सगळे काजवे माझ्या तोंडाभोवती ठेवायचे अशी माझी अटच होती. पण अंधारातून येणारी ती शांतता मला जाणवत असे. टाळी वाजत नसे. मी समजलो, लोक भारावून जातात.

एवढे बोलल्यावर घसा बसणारच. एका दुपारी माझा आवाज नीट फुटेना. गवेसाहेबांचे अध्यक्षीय भाषण नुकतेच सुरू झाले होते, म्हणजे वेळ भरपूर होता. मी गुळण्या करायला तळ्यावर गेलो.

तळ्याच्या मधोमध कासवतात्या तरंगत होते. शेजारी काकी होत्या. तात्यांची पाठ ओली होती, चकाकत होती. मान चांगली लांब बाहेर आलेली होती. इतके बरे दिसताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"तात्या!" मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "तुम्ही इथे? मग तिथे खुर्चीत कोण आहे?"

"दगड," तात्या म्हणाले.

आदल्याच दिवशी मी त्या दगडाच्या पाया पडलो होतो. त्याने मला आशीर्वाद दिला, असेही मला वाटले होते.

काकी काठापर्यंत पोहत आल्या.

"जा, कावळ्या. सांग तुझ्या साहेबांना. तुझं तोंड कोणी धरलंय? पण यांना पुन्हा त्या खुर्चीत घातलंस ना, तर मला इथे एकटीनं तरंगावं लागेल. मला एकटीला नाही रे तरंगता येत."

मी गप्प राहिलो. घसा बसला होता म्हणून नव्हे. मला खरोखरच काही बोलावेसे वाटले नाही, आणि तसे मला पहिल्यांदाच झाले होते.

बऱ्याच वेळाने मी विचारले, "काकी, माझ्या जागी ठेवायला एखादा दगड मिळेल का?"

"तुझ्या जागी दगड कसा चालेल?" काकी म्हणाल्या. "तो गप्प बसेल. लगेच कळेल लोकांना."

तात्या हसले. पाण्यावर दोन-तीन बुडबुडे आले.

मी समाजमंदिरात परतलो. गवेसाहेब खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात कागदात तोंड खुपसून वाचत होते. काजवे नव्हते. मी नाही असे बघून तेही निघून गेले होते. त्यामुळे हळूहळू मला अंधारातले दिसू लागले, आणि कार्यक्रम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मी श्रोत्यांकडे निरखून पाहिले.

सशिणीच्या जागी एक पांढरा गोटा होता, भोवती बारीक पांढरे खडे. हरणांच्या जागी उभट दगड. साळिंदराच्या जागी खडबडीत धोंडा, त्यात काड्या खोचलेल्या. हत्तीणबाईने मेहनत घेतली होती.

पहिल्या रांगेत माझ्या घरच्यांची जागा होती. तिथे एक काळा गोटा होता आणि शेजारी तीन काळे खडे. एक खडा जरा कलला होता. माझे धाकटे पिल्लू तसेच बसते.

मला वाईट वाटले, बाळांनो. फार वाईट वाटले. मी रोज 'कुटुंबाला वेळ द्या' असे सांगत होतो आणि तो काळा गोटा ते ऐकत होता. आणि धाकटे कलून बसते एवढे तरी मला आठवले, याचेच मला कौतुक वाटले. इथपर्यंत माझी मजल गेली होती.

मग कान दिला तेव्हा दुरून बांधावरची पोरे ऐकू आली. पाण्यात धबाधब उड्या पडत होत्या. सशिणीची पोरे ओरडत होती. हत्तीणबाईचे सुदृढ बालक बहुधा चिखलात लोळत होते. मधूनच काव काव ऐकू येत होते, तिघांचे. सगळे जंगल पुन्हा ठणठणीत झाले होते.

गवेसाहेबांनी कागद उलटला आणि मान वर न करता हळूच विचारले, "कावळेराव, गर्दी कशी आहे?"

एक शब्द खरा बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी तात्या खुर्चीत आले असते.

"खचाखच भरलंय, साहेब," मी म्हणालो. "एकही जण जागचा हलत नाही."

गवेसाहेब सुखावले. "मग अजून थोडं वाचतो," ते म्हणाले. "आणि तुम्ही पळू नका. तुमचं आभारप्रदर्शन आहे."

मला बांधावर उडून जावेसे वाटत होते. पंख उघडलेही होते. पण आभार माईकवरूनच मानायचे असतात. मी पंख मिटले, घसा खाकरला आणि पहिल्या रांगेतल्या कललेल्या खड्याकडे बघत सर्वांचे मनापासून आभार मानले.

तात्पर्य: निरोगी कौटुंबिक जीवनासाठी समाजमंदिरातल्या कार्यक्रमांना पर्याय नाही. त्यासाठी प्रत्येक घरात माणशी एक दगड असावा. आणि ज्याच्या जागी दगड ठेवता येत नाही, त्याने निदान थोडक्यात आटपावे. हे शेवटचे वाक्य मी समाजमंदिरात दुपारभर समजावून सांगितले आहे.