कांदेनवमीचा दुखवटा

कुरुंद्याच्या व्यंकटरावांनी कळमनुरीच्या बाजारात एक थाप मारली होती, आणि कांदेनवमीच्या सकाळी ती थाप खरी करून दाखवायची वेळ त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती.

त्याचं झालं असं. जमिनीच्या दाव्यापायी व्यंकटराव एकदा हैदराबादला जाऊन आले होते. तिथं वकिलाच्या घरी त्यांना पानावर खिचडी वाढली गेली आणि खिचडीवर मूठभर तळलेला कांदा. तपकिरी, बारीक, आणि असा कुरकुरीत की दाताखाली आवाज व्हावा. दावा पुढं हरले, पण कांदा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पारावर, शेताच्या बांधावर, जिथं माणूस भेटेल तिथं ते त्या कांद्याचं वर्णन करत. असंच एकदा कळमनुरीच्या बाजारात त्यांना माणिकराव भेटले. व्यंकटरावांच्या लेकीसाठी, शालूसाठी, माणिकरावांच्या मुलाचं बोलणं चाललं होतं. माणिकराव खाण्याचे शौकीन. कांद्याचं वर्णन ऐकताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं पाहून व्यंकटरावांचा तोल गेला.

"आमची शालू तळते की तसा," ते म्हणाले. "बराबर हैदराबादसारखा."

"मग कांदेनवमीला येतोच आमी," माणिकराव म्हणाले. "पोरगीबी पाहू अन् कांदाबी खाऊ. त्याच्यानंतर चातुर्मास लागला की आमच्या घरी कांदा बंद."

घरी येऊन व्यंकटरावांनी हे सांगितलं तेव्हा गोजरबाई हातातलं सूप खाली ठेवून नवऱ्याकडे पाहतच राहिल्या.

"अवं, पोरीनं तसला कांदा कधी पाह्यला तरी हाय का?"

"म्या पाह्यला हाय ना. म्या सांगतो तसं करा."

खरं म्हणजे व्यंकटरावांनी तो कांदा फक्त खाल्ला होता. तळताना पाहिला नव्हता. पण हा फरक त्यांना स्वतःलाही कांदेनवमीच्या सकाळीच कळला.

सकाळी चूल पेटली, कढईत करडीचं तेल तापलं. शालूनं नेहमीसारखा कांदा चिरून आत टाकला. व्यंकटराव चुलीजवळच पाटावर बसले होते आणि झारा त्यांच्याच हातात होता. कांदा टाकला की ढवळ, पुन्हा ढवळ, असं त्यांनी चालवलं. कांद्याला जरा रंग आला तशी त्यांनी तो काढला आणि गरम राहावा म्हणून वाडग्यात दाबून भरून वर ताटली झाकली. थोड्या वेळानं ताटली उचलली तर आत ओला, लोळागोळा झालेला कांदा.

"हा तर वांग्याच्या भाजीतला झाला," गोजरबाई म्हणाल्या.

"जाळ कमी पडला. पऱ्हाट्या घाला."

कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत कोंबल्या गेल्या. जाळ कढईच्या कडेपर्यंत आला. दुसरा कांदा पाहता पाहता काळा पडला आणि खाऊन पाहिला तर बाहेरून कडू, आतून कच्चा. घरात धूर कोंदला. व्यंकटराव खोकत खोकत विचार करू लागले आणि त्यांना वाटलं, वकिलाच्या घरच्या कांद्याला पीठ लावलेलं असावं. मग तिसऱ्या कांद्याला बेसन लावलं. त्याची भजी झाली. भजी चांगली झाली होती. व्यंकटरावांनी त्यातली दोन खाल्लीही, पण रागानं.

"पाव्हणं कळमनुरीहून निघाले असतील आता," गोजरबाई म्हणाल्या. "भजीच वाढू त्यायला."

"भजी त्यायच्या घरी होत न्हाईत का? कांदा पातळ चिरायला पाह्यजे, कागदावानी. तुमच्या हातानं व्हत न्हाई. आना ती विळी हिकडं."

माजघरात विळी मांडली गेली. मिशीवाले, पागोटेवाले, ज्यांच्या शब्दाला कुरुंद्यात वजन होतं ते व्यंकटराव धोतर खोचून विळीवर बसले. कांदे होते आढ्याला टांगलेल्या माळेतले, उन्हाळाभर मुरलेले, तिखटजाळ. दोन चार कांदे चिरून होतात न होतात तोच त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. शेजारी साली काढत बसलेल्या गोजरबाईंच्याही लागल्या. शालू चिरलेला कांदा आत नेऊन कढईत टाकत होती, तिचेही डोळे लाल झालेले. व्यंकटराव नाक ओढत, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत चिरत राहिले. आणि नेमक्या त्याच वेळी ओसरीवरून हाक आली.

"गोजरबाई, जरा विरजण देता का?"

ती शेजारची चतुराबाई होती. एकदा तिनं काही पाहिलं की गावात ते कुणाला सांगायचं राहत नसे. व्यंकटराव विळीवर बसून कांदा चिरतात, हे सांजच्याला पारावर गेलं असतं आणि पुढची कैक वर्षं तिथून हललं नसतं. व्यंकटरावांनी घाईघाईनं विळी आणि कांदे सुपाखाली सारले आणि ते भिंतीला टेकून बसले. चतुराबाई दारात आली. तिला दिसलं ते असं: व्यंकटराव डोळ्यांना सोगा लावून बसलेले, गोजरबाई पदरानं तोंड पुसणाऱ्या, आणि आतल्या दारात शालू मुसमुसणारी.

"अगं बाई," चतुराबाई हलक्या आवाजात म्हणाली. "काय झालं, भावजी?"

व्यंकटरावांना काहीतरी बोलणं भाग होतं.

"काही न्हाई," ते नाक ओढत म्हणाले. "मामाची आठवण आली."

म्हणायला त्यांना मामा होते. संतराममामा, कळमनुरीला राहायचे. दोन्ही घरांत काही वर्षं येणंजाणं नव्हतं, पण मामा धडधाकट होते. चतुराबाईनं मात्र आठवण म्हणजे काय ते लगेच ओळखलं. ती तिथंच खाली बसली आणि तिनं गळा काढला. चतुराबाईचा गळा कुरुंद्यात नावाजलेला होता. व्यंकटराव "अवं, तसं न्हाई" म्हणेपर्यंत शेजारपाजारच्या बाया आत आल्या होत्या. त्यांनी गोजरबाईंना मधे घेतलं. आता एवढ्या बाया रडत असताना आपण कोरडं बसायचं कसं, हे न समजून गोजरबाईही रडू लागल्या, आणि पदराआडून नवऱ्याकडे अशा पाहू लागल्या की व्यंकटरावांना तो दुखवटा आपलाच वाटला.

"दुखाच्या घरी जाळ नको," चतुराबाई डोळे पुसून म्हणाली. "शालू, चुलीतली लाकडं ओढ, माय. भाकरीचं आमी पाहू."

बायका आत आल्या तसं व्यंकटरावांना ओसरीवर जावं लागलं. तिथं पुरुष जमू लागले होते. जो येई तो उपरणं डोक्यावर घेऊन गुडघे उंच करून बसे आणि जमिनीकडे पाही. व्यंकटरावांनी मनात ठरवलं, आता सांगून टाकायचं. पण कसं सांगायचं? माणसं औत सोडून आली होती. ते तोंड उघडणार तोच म्हातारे दगडोबा त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "कवा गेले?"

दगडोबांना डोळ्यांनी कमी दिसे, पण हात फार मायेचा होता. त्या हाताखाली व्यंकटरावांच्या तोंडून खरं निघेना.

"सकाळी खबर आली," ते म्हणाले.

मघापर्यंत गैरसमज दुसऱ्यांचा होता. आता खोटं त्यांचं स्वतःचं झालं.

"लई गुणी माणूस," दगडोबा म्हणाले. दगडोबांची आणि मामांची कधी गाठ पडली नव्हती. मग हवेत नाक वर करून ते म्हणाले, "कांदा कुठं तळून राह्यले?"

"कांदेनवमी हाय, बाबा," कुणीतरी म्हणालं. "साऱ्या गावात वास हाय."

व्यंकटराव खाली मान घालून बसले होते. त्यांना एवढंच वाटत होतं की पाहुणे यायच्या आत ही माणसं उठून जावीत. आणि तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं की मामा कळमनुरीचे, आणि पाहुणेही कळमनुरीचेच. मामा गेले की राहिले, हे माणिकरावांना नक्की ठाऊक असणार. ते उठून दाराकडे जाणार, वाटेतच पाहुण्यांना गाठणार, तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला आणि माणिकरावांची बैलांची दमणी दारात थांबली.

दमणीतून आधी माणिकराव उतरले. त्यांच्यामागं, काठी टेकत, एक उंच म्हातारा उतरला. तो संतराममामा होता. भाच्याच्या घरी म्हणे हैदराबादी कांदा तळतात, हे मामांनीही बाजारात ऐकलं होतं, आणि जुना राग बाजूला ठेवून ते पाहुण्यांच्या दमणीत बसले होते.

ओसरीवर माणसं उपरणी घेऊन बसलेली पाहताच मामांचा चेहरा उतरला. त्यांनी पायताण काढलं, स्वतःचं उपरणं डोक्यावर ओढलं आणि भाच्याला खेटून बसले. बोलायच्या आधी त्यांनी दोन आसवं गाळली.

"धीर धर, व्यंकट," ते म्हणाले. "काहून असं झालं? कोन गेलं?"

उत्तर दगडोबांनी दिलं.

"याचे मामा गेले. कळमनुरीचे, संतराममामा."

मामांनी उपरणं जरा मागं केलं.

"कवा?"

"आज सकाळी."

"सकाळी तर म्या दमणीत बसलो," मामा म्हणाले.

आत बायांचं रडणं थांबलं, कारण चतुराबाई दारात येऊन ऐकत होती. सगळ्यांचे डोळे व्यंकटरावांवर आले. ते उभे राहिले. पागोटं काढून त्यांनी हातात धरलं आणि खाली बघतच सगळं सांगितलं. विळी सांगितली, सुपाखालचे कांदे सांगितले, आठवण सांगितली.

"विळीवर बसलो हे तुमाला कळू नये म्हणून तुमाला रडवलं," ते म्हणाले. "मामा, तुमच्या पायावर डोकं ठेवतो. पाव्हणं, तुमालाबी एक सांगतो. पोरीला तो कांदा येत न्हाई. बाजारात म्या खोटं बोललो. तिचा त्याच्यात काही दोष न्हाई."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फुटला, आणि या वेळी त्याला कांदा कारण नव्हता. लेकीची सोयरीक आपल्या जिभेनं मोडली, हे त्यांना समोर दिसत होतं.

चतुराबाई म्हणाली, "म्या सगळ्या गल्लीला भाकरी टाकायला लावल्या, भावजी. त्याचं काय करू?"

"आन हिकडं," संतराममामा म्हणाले. "मेलेल्यालाच भूक लागली हाय."

आधी कोपऱ्यातला एक हसला. मग दगडोबा हसले, मग सगळी ओसरी. व्यंकटरावांना ते हसणं रडण्यापेक्षा जड गेलं, पण त्यांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं.

पानं मांडली गेली. शेजारणींच्या भाकरी आल्या, सकाळची भजी आली. गोजरबाई पहाटेच शिजवून ठेवलेली खिचडी वाढत गेल्या आणि त्यांच्यामागून शालू परात घेऊन आली. परातीत फडक्यावर पसरून गार केलेला कांदा होता. तपकिरी, बारीक, मोकळा. व्यंकटरावांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं आपल्या डोळ्यांत अजून धूर आहे. माणिकरावांनी पहिला घास घेतला. दाताखाली झालेला आवाज शेजारच्या पानापर्यंत ऐकू गेला. त्यांनी डोळे मिटले. दुसरा घास झाल्यावरच ते बोलले.

"पोरी, हा कुणी केला?"

"म्याच."

"तुझे आबा तर म्हणतात तुला येत न्हाई. काय केलं याला?"

शालूनं आईकडं पाहिलं, मग परातीकडं.

"काही न्हाई," ती म्हणाली. "लाकडं ओढली, इंगळावर तसाच होऊ दिला. कुणी ढवळला न्हाई."

"अन् सकाळधरनं काहून जमला न्हाई?"

शालूनं कुणाकडेच न बघता सांगितलं, "तवा आबा घरात व्हते."

माणिकराव बराच वेळ हसले आणि हसता हसताच म्हणाले की पोरगी खरं बोलते, आपल्याला पसंत आहे. मामांनी लगेच लग्नाच्या तिथीची गोष्ट काढली. व्यंकटराव मात्र पानावरून मान वर करेनात. गोजरबाई कांदा घेऊन दुसऱ्यांदा त्यांच्यापुढं आल्या तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला. गोजरबाई तशाच उभ्या राहिल्या. अखेर त्यांनी हात थोडा बाजूला केला, आणि गोजरबाईंनी चिमूटभर कांदा वाढला.