‘नको’ची खिडकी

"टॅग जाणार म्हणजे जाणार!" टोस्टवर लोणी फासत प्रोग्रामर नवऱ्याने जाहीर केलं.

"हात तर लावून बघ," आर्किटेक्ट बायको म्हणाली.

वाद नवऱ्याने हौसेने लिहिलेल्या एका प्रोग्रामवरून होता. कॉम्प्युटरवर कितीही खिडक्या उघडा, हा प्रोग्राम त्यांना फरश्यांसारखा शेजारी शेजारी बसवायचा. एकीवर दुसरी चढत नसे. शिवाय प्रत्येक खिडकीला टॅग, म्हणजे एक नाव, चिकटवता येई. बटण दाबलं की त्या नावाच्या खिडक्या तेवढ्या समोर, बाकीच्या गडप. बायकोचे तीन टॅग होते: ‘काम’, ‘घर’ आणि ‘नको’. फसलेली चित्रं, रागाच्या भरात लिहिलेलं काहीबाही, सगळं ‘नको’त जाई.

"प्रोग्रामच्या निम्म्या चुका या टॅगपायी होतात," नवरा म्हणाला. "आणि वापरतं कोण? अख्ख्या जगात तू एकटी!"

"म्हणजे वापरणाऱ्यांचं एकमत आहे."

सासूबाईंनी वर्तमानपत्राआडून विचारलं, "अरे, टॅग काढलेस तर तिच्या लपवलेल्या खिडक्यांचं काय होईल?"

"सगळ्या समोर दिसतील."

"मग तो संसार झाला. सोय कसली?"

आईही फितूर म्हटल्यावर नवरा तणतणत आपल्या खोलीत गेला आणि त्याने टॅग उपटून टाकले. रिकामी झालेली बटणंही वाया घालवली नाहीत. कुठलंही दाबलं की एकेक खिडकी पडदाभर मोठी होईल, अशी सोय करून टाकली. रागात तो एकच गोष्ट विसरला. बायकोचा कॉम्प्युटर त्याच्याकडूनच नवी आवृत्ती आपणहून उचलत असे.

इकडे बायकोची बैठक ऐन रंगात आली होती. आजवर तिने लोकांची न्हाणीघरं आणि गॅरेजं सुधारून दिली होती. मुलांचं वाचनालय ही तिची पहिली स्वतःची इमारत ठरणार होती. पडद्यापलीकडे, बायकोचा पडदा जसाच्या तसा बघत, समिती बसली होती आणि मधोमध अध्यक्षीणबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. बायको काचेच्या घुमटाचं कौतुक सांगत असताना पडदा एकदा लुकलुकला आणि वीस-बावीस खिडक्या भसाभस बाहेर पडल्या. सोफ्याच्या जाहिराती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या नवऱ्याचा फोटो, सगळंच समितीपुढे!

तिने घाईने ‘काम’चं बटण दाबलं. बहिणीला लिहिलेला निरोप पडदाभर झाला: ‘अध्यक्षीणबाई म्हणजे सुरीची धार. हसल्या तर बातमी होईल.’

कुणीतरी खोकलं. बायको किंचाळली.

तिची किंकाळी ऐकून नवरा धावला. दारातूनच काय झालं ते त्याला उमगलं. कॉम्प्युटरची वायर उपटायला तो कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रांगत टेबलाखाली शिरला. पण वायरीपर्यंत पोचताना त्याचं डोकं नेमकं कॅमेऱ्यासमोर वर आलं.

"हे कोण?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"दुरुस्तीवाले," बायको दात आवळून म्हणाली आणि पुन्हा बटण दाबलं.

आता ‘नको’तलं वाचनालयाचं एक जुनं चित्र मोठं झालं. घुमट नाही, डामडौल नाही. जाड भिंतीत कोरलेल्या खोल खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत पाय पोटाशी घेऊन एक मूल वाचतंय. नवरा वायर उपटणार, इतक्यात अध्यक्षीणबाईंचा आवाज आला, "थांबा! काही काढू नका."

नवरा टेबलाखाली थिजला.

"हे कुणाचं?"

"माझंच," बायको चाचरत म्हणाली. "पण तुम्हाला भव्य काहीतरी हवं होतं, म्हणून..."

"ते या मंडळींना हवं होतं. काचेखाली मुलं उकडून निघतील, हे मी पहिल्यापासून सांगतेय. चाळीस वर्षं मी वर्गात बघितलंय, पुस्तक आवडलं की मूल कोपरा शोधतं. इथे तर सगळे कोपरेच आहेत!" त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. माना भराभर डोलल्या. "काम तुमचं. आणि हो, बहिणीला कळवा. मी हसले."

बैठक संपली. बायकोने टेबलाखाली वाकून नवऱ्याचा कान धरला, मग सोडला आणि त्याला मिठीच मारली.

"चुकलो," नवरा धापा टाकत म्हणाला. "आत्ता टॅग परत बसवतो. जन्मात काढणार नाही."

"नको बसवूस."

"काय?"

"गेले तेच बरं. चांगलं चित्र सहा महिने झाकून ठेवलं त्या टॅगनी. सगळं कसं डोळ्यांसमोर हवं!"

"असं कसं नको?" नवरा उसळला. "टॅग म्हणजे या प्रोग्रामचा प्राण आहे! तुला कसली शिस्तच नको!"

दारात उभ्या सासूबाई म्हणाल्या, "मग सकाळी काढलेस कशाला रे?"

"तिला त्यांचं महत्त्व कळावं म्हणून!" नवरा तडफेने म्हणाला आणि टॅग परत बसवायला आपल्या खोलीकडे धावला. बायकोने दार लोटून घेतलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि भिंतीतल्या पहिल्या खिडकीची उंची ठरवायला बसली.