मिलोचे अकरा गोळे

फळीवरचे गोळे मोजून धोंडीबा नाचायचाच बाकी राहिला. काल अकरा ठेवले होते, आज दहाच. म्हणजे एक उंदीर गेला!

दुष्काळाचं साल. पेरणीसाठी जपलेल्या दोन पायल्या ज्वारीवर घरातल्या उंदरांनी डोळा ठेवलेला. धोंडीबानं नळदुर्गाहून औषधाची पुडी आणून मिलोच्या पिठात मळली होती. मिलो म्हणजे रेशनवरची लाल, परदेशी ज्वारी. गाव वर्षभर तीच गिळत होतं. उंदीर मात्र तीन दिवस हुंगून परत गेले, म्हणून काल त्यानं गूळ घातला होता.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन हणमंतप्पा मिशा पुसत आले.

"धोंडीबा, कालचं भांडण मिटवाया मघाशी आलतो. तू परसात हुतास. म्हणलं, आपल्याच हातानं तोंड गोड करावं. पर लाडू लई इचित्र रं! गूळ वाढीव."

धोंडीबाच्या हातातली चंची गळून पडली. कालच भर सभेत त्यानं विचारलं होतं, "सोसायटीत आल्याली चांगली ज्वारी गेली कुठं?" आप्पा म्हणाले होते, "म्या बी मिलोच खातो, तुमच्यावाणी!" त्यावर धोंडीबा ओरडला होता, "बघून घेतो तुमास्नी!" शंभर माणसांनी ऐकलं होतं.

"आप्पा, त्यात उंदराचं औषध हाय वो!"

आप्पा गल्लीकडं तोंड करून ओरडले, "लिवून घ्या रं, ह्यानंच मारलं!"

गल्ली धावली. टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा, तरी शेजारच्या रुद्रम्मानं भरली घागर आणली. मीठ कालवून आप्पांना पाजलं. "ओका, आप्पा, ओका!" एकामागून एक चार घागरी रिकाम्या झाल्या. धोंडीबाला डोळ्यांपुढं बेड्या दिसत होत्या.

इतक्यात त्याची बायको मथुराबाई आली. "कुणी सांडलं येवढं पाणी?"

"अगं, आप्पांनी इखाचा गोळा खाल्ला!"

"कसलं इख? घरात लेकरं रांगत्यात. पुडीतलं औषध म्या पयल्याच दिशी गावाभाईर खोल पुरलं. तुमच्या पुडीत मिलोचंच पीठ भरलं हुतं."

"आन् बियाणं?"

"मिलोच्या पोत्यात, मधोमध. येक उंदीर फिरकंना तिकडं."

चिंब भिजलेल्या आप्पांनी क्षीण आवाजात विचारलं, "मग वैनी, लाडू खाल्ल्यापासनं पोटात ढवळतंय ते कशानं?"

"मिलोनं, आप्पा. पयल्यांदा खाल्ला की तसंच हुतं."

रुद्रम्मानं रिकामी घागर खाली ठेवली.

"पयल्यांदा?"

आप्पांना पुन्हा उमासा आला. या खेपेला कुणी पाणी आणलं नाही.