शेवंताबाईंची नाडी

मंगळवारी सकाळी आमच्या नर्सिंग कॉलेजमधल्या बाहुलीने डिस्चार्ज मागितला. शेवंताबाई म्हणजे सरावाची रबरी पेशंट. अकरा वर्षं तीन नंबरच्या खाटेवर पडून मुलींच्या सुया सोसत होत्या.

अर्जासोबत त्यांनी स्वतःचा तक्ता जोडला होता. अकरा वर्षं रोज ताप नाही, नाडी बहात्तर. इतक्या धडधाकट बाईला अडवून ठेवता येत नाही, हे आम्हाला शिकवणाऱ्या तळवलकर मॅडमनाही मान्य करावं लागलं. अडवायचं तर तक्ता खोटा म्हणावा लागला असता, आणि त्यावर मॅडमच्याच सह्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माझी शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा त्यांच्यावरच होती. पेशंट नाही तर परीक्षा नाही, आणि नाशिकची ठरलेली नोकरी हातची जाणार. मी त्यांना एकच दिवस थांबायची गळ घातली.

"हे बहात्तर मोजले कुणी?" त्यांनी विचारलं.

मी आदल्या दिवसाचा आकडा उतरवत आले होते, माझ्या आधीच्या मुलीही तेच करत आल्या होत्या.

"अकरा वर्षांत माझ्या मनगटाला कुणाचं बोट लागलं नाही गं, प्रणोती," असं म्हणून त्या माझ्या चपला घालून एसटी स्टँडकडे गेल्या. मला इतकी शरम वाटली, की चपला परत मागितल्या नाहीत.

खाट रिकामी ठेवता येत नाही. मॅडमनी नियम काढून दाखवला: जिचा पेशंट गेला तिने त्या जागी झोपायचं, पेशंट स्थिर निघाला तर ती पास. बुधवारी मी झोपले. परीक्षक आले तसं ऊर धपापू लागला, कानांत ठोके वाजत होते. नाडी सव्वाशेच्या खाली नक्कीच नव्हती. आता सगळं संपलं, असं वाटलं.

तपासायला माझीच मैत्रीण वैदेही होती. तिने "बाई, नाडी बघते हं" असं परीक्षकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, कालची ओळ बघितली आणि बहात्तर लिहिलं. हात लावला नाही. परीक्षकांनी सही केली. मी पास झाले.

सगळे पुढच्या खाटेकडे गेल्यावर मी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून पूर्ण मिनिट मोजलं.

बहात्तर भरले. पुन्हा मोजले. बहात्तरच.